डिस्क आणली तरी जागा लागतेच

भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या घरात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्लेस्टेशन चालत असेल, तर 'जागा नाही, गेम डिलीट कर' हा सल्ला महागात पडू शकतो. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर १०० जीबीचा गेम पुन्हा उतरवायला ५० दिवस लागतील. म्हणून काही गैरसमज आधीच दूर केलेले बरे.

गैरसमज : नागपूरहून डिस्क आणली की कन्सोलमध्ये जागा लागत नाही.
वस्तुस्थिती : पीएस४ आणि पीएस५वर डिस्कमधला गेम आधी कन्सोलमध्ये उतरतो. पीएस४चा डिस्क ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम २७ एमबी वाचतो, तर पीएस५ची एसएसडी सुमारे ५.५ जीबी. आजचे गेम डिस्कच्या वेगावर चालूच शकत नाहीत. इन्स्टॉल झाल्यावरही खेळताना डिस्क आत हवीच, कारण गेम तुमचा असल्याची खूण तीच.

गैरसमज : खोक्यावर ८२५ जीबी लिहिलंय, म्हणजे तेवढी जागा आपली.
वस्तुस्थिती : २०२१मध्ये भारतात आलेल्या पहिल्या पीएस५मध्ये गेमसाठी सुमारे ६६७ जीबीच उरते. बाकीची जागा कन्सोलची स्वतःची यंत्रणा घेते. १०० जीबीचे सहा गेम टाकले की ती जवळपास भरलीच.

गैरसमज : १० जीबीच्या अपडेटला १० जीबी रिकामी जागा पुरते.
वस्तुस्थिती : पीएस४ अपडेट बसवताना बहुतेक वेळा आख्ख्या गेमची नवी प्रत तयार करतो. म्हणून छोट्या अपडेटसाठीही गेमएवढी जागा मोकळी लागू शकते.

गैरसमज : गेम डिलीट केला की सगळी प्रगती गेली.
वस्तुस्थिती : गेम आणि सेव्ह वेगवेगळे साठवले जातात. गेम काढला तरी सेव्ह राहतो. कन्सोलच पूर्ण रीसेट केला तर मात्र तोही जातो. पीएस४चा सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येतो. पीएस५ गेमचा तसा सुटा घेता येत नाही, त्यासाठी पीएस प्लसचं क्लाउड लागतं.

गैरसमज : बाहेरची कुठलीही हार्ड डिस्क जोडली की प्रश्न सुटला.
वस्तुस्थिती : ती यूएसबी ३.० आणि २५० जीबी ते ८ टीबीची हवी. तिच्यावरून पीएस४चे गेम थेट खेळता येतात. पीएस५चे गेम तिथे फक्त ठेवता येतात, खेळताना परत आत आणावे लागतात. पीएस५ची खेळायची जागा वाढवायची तर चौथ्या पिढीची एम.२ एसएसडी आत बसवावी लागते.

यावरून जागा करण्याचा क्रम ठरतो. आधी डिस्कवाले गेम काढावेत. ते बहुतेक वेळा नेटशिवाय पुन्हा उतरतात, डेटा लागतो तो अपडेटपुरता. नेटवरून घेतलेले मोठे गेम डिलीट न करता बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवावेत. जिथे नेट मोजून मिळतं, तिथे एकदा उतरवलेला गेम जपणं हीच खरी बचत आहे.