काचनळीच्या टोकाशी

दात काढण्याआधी डॉक्टर लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात आणि थोड्याच वेळात हिरडी बधिर होते. वेदनेचा निरोप निघतच नाही, कारण चेतातंतूंच्या पटलातली सोडियमची दारं त्या औषधाने अडवलेली असतात. ही दारं, म्हणजे आयन चॅनेल, एकेकटी गाठून मोजता येतात हे एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी दाखवलं. नेहर यांच्या उमेदीच्या वर्षांबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे. विज्ञानातल्या सिद्धांतांचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ होतं, हाताच्या कारागिरीचं फारसं होत नाही.

सिद्धांत तर आधीच तयार होता. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी स्क्विडच्या, कोकणातल्या भाषेत माकूलाच्या, जाडजूड चेतातंतूवर प्रयोग केले आणि १९५२ मध्ये पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले. आधी सोडियम आत शिरतं, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतं आणि विद्युतलहर पुढे सरकते, हे त्यांनी गणितासकट मांडलं. पण त्यांनी मोजला तो असंख्य वाटांचा एकत्रित प्रवाह. जत्रेचा गलका दुरून ऐकू यावा आणि एकाही माणसाचा आवाज वेगळा कळू नये, तसं ते होतं.

नेहर यांचा जन्म १९४४ चा, बव्हेरियातला. शिक्षण भौतिकशास्त्राचं, म्युनिकमध्ये. मधलं एक वर्ष अमेरिकेत विस्कॉन्सिनला. म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेत हान्स डीटर लुक्स यांच्याकडे पीएचडी करताना ते गोगलगायीच्या चेतापेशीवर काचेची नळी बाहेरून टेकवून तेवढ्याच तुकड्यातला प्रवाह मोजत. नळी आत खुपसायची नाही, नुसती टेकवायची. पुढचं सगळं काम या टेकवण्यातूनच आलं, असं मला वाटतं. साकमन यांची ओळखही इथलीच. नंतर दोघे ग्योटिंगेनला एकत्र आले.

एका चॅनेलमधून जाणारा प्रवाह काही पिकोॲम्पिअर असतो. एक पिकोॲम्पिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन. आकडा मोठा वाटतो, पण उपकरणाच्या स्वतःच्या खरखरीत तो सहज बुडून जातो. काच आणि पटल यांच्यामधल्या फटीतून प्रवाह गळतो, खरखर वाढते. म्हणून त्यांनी नस तोडलेला बेडकाचा स्नायू निवडला. नस तुटली की ॲसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाची ग्राहक-चॅनेलं स्नायूभर विरळ पसरतात, आणि नळीच्या बारीक तोंडाखाली एखादंच सापडण्याची शक्यता वाढते. स्नायूवरचा चिकट पापुद्रा विकरांनी साफ केला. १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये जे आलेख आले, त्यांत प्रवाह एकदम उडी घेतो, काही क्षण सपाट राहतो, एकदम पूर्ववत होतो. दार उघडलं, दार मिटलं. पटलातल्या एकाच रेणूची ही हालचाल जिवंत पेशीवर टिपली गेली होती.

तरी फट उरलीच होती. ती बुजवण्याच्या प्रयत्नांत वर्षं गेली आणि आशा जवळजवळ सुटत आली होती. १९८० च्या सुमारास लक्षात आलं की नळी अगदी नवी, स्वच्छ असेल आणि आतून हलकेच ओढ दिली, तर पटल काचेला असं घट्ट बिलगतं की रोध शंभर पटींहून अधिक वाढतो, गिगाओहममध्ये जातो. खरखर विरली. त्याच वर्षी फ्रेड सिगवर्थ यांच्यासोबत उंदराच्या स्नायूपेशींतल्या एकेका सोडियम चॅनेलचा प्रवाह नोंदला गेला. १९८१ मध्ये पाच जणांच्या नावाने आलेल्या निबंधात ही ‘पॅच क्लँप’ पद्धत सविस्तर सांगितली होती. लहानशा चेतापेशींचे प्रवाहही आता मोजता येऊ लागले.

१९७६ हे साल आपल्यासाठीही मोलाचं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी आणि कॅल्टेकचे सिमोर बेन्झर यांनी तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांमधला चेतासंदेशांचा बिघाड त्याच वर्षी मांडला. त्यांतल्या ‘पॅरा’ नावाच्या माशीचं जनुक सोडियम चॅनेलचंच आहे, हे १९८९ मध्ये सिद्ध झालं. नळीच्या वाटेने आणि माशीच्या वाटेने माणसं एकाच दाराशी पोहोचली.

नेहर पुढे वेगळ्या प्रश्नाकडे वळले: चॅनेलमधून कॅल्शियम आत आलं की पेशी आपला साठा बाहेर कसा सोडते? त्यासाठीही त्यांनी पटलाच्या विद्युतधारितेतला सूक्ष्म बदल मोजण्याची नवी रीत अलँ मार्ती यांच्याबरोबर बसवली. १९९१ चं नोबेल साकमन यांच्यासोबत मिळाल्यावरही ते चेतासंधींवर काम करत राहिले. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं देणं मात्र ती घट्ट बिलगणारी नळीच.

आजही पॅच क्लँप करणारा विद्यार्थी सकाळी काच तापवून नव्या नळ्या ओढतो. प्रत्येक नळी एकाच पेशीला टेकवायची, दुसऱ्या पेशीसाठी नवी घ्यायची.