हिरवा ठिपका आहे, पण चालेल का?

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

अल्फा-गॅल ही एक साखर. गाय, म्हैस, बकरी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या अंगात ती असते, माणसात नसते. गोचीड चावल्यानंतर काही जणांचं शरीर या साखरेला शत्रू समजायला लागतं. मग मटण खाल्लं की अंगावर गांधी, पोटात कळा, कधी श्वासही कोंडतो. तेही लगेच नाही, २ ते ६ तासांनी! रात्री नऊला मटण, मध्यरात्री खाज. आपण म्हणणार, पित्त उठलं. हा उशीर २००९ मध्ये व्हर्जिनियातल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने मांडला. अमेरिकेत २०१० पासून साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा त्रास झाला असावा, असा सीडीसीचा २०२३ चा अंदाज आहे.

आता समजा, तिकडे राहणारा तुमचा दादा हे निदान घेऊन सुट्टीला माजिवड्याला आलाय. तुम्ही दुकानात जाऊन हिरवा ठिपका बघून वस्तू उचलणार. इथेच घोळ आहे.

आपल्याकडे दूध शाकाहारात धरतात. म्हणजे हिरव्या ठिपक्यामागे दूध पावडर, व्हे, केसिन, तूप, काहीही असू शकतं. सगळ्यांनाच दूध बाधत नाही, पण ज्यांना बाधतं त्यांना ठिपका काहीच सांगत नाही. उलट अंडं चालतं, पण त्याला तपकिरी त्रिकोण! (ठिपका धर्म-व्रतासाठी बरा, अ‍ॅलर्जीसाठी नाही.) कॅरेजीनन, म्हणजे आयएनएस ४०७, हे समुद्री शेवाळातून येतं, तरी त्यात ही साखर असते आणि काहींना ते बाधतं. फ्लेवर्ड मिल्क, आइस्क्रीमच्या पाकिटावर हा आकडा शोधा.

त्रिकोणवाल्या वस्तूंत मार्शमेलोतलं जिलेटिन बघा. चिकन सॉसेजमध्ये चिकन चालतं, पण वरचं आवरण मेंढीच्या आतड्याचं किंवा गुरांच्या कोलॅजनचं असू शकतं. पाकिटावर स्पष्ट नसेल तर ठेवून द्या, सरळ.

आणि खालची ठळक अ‍ॅलर्जीची ओळ? त्या सक्तीच्या यादीत दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, सोया वगैरे आहेत. मटण किंवा जिलेटिन नाही. त्यामुळे बारीक अक्षरातली घटकांची यादी पूर्ण वाचायची. मोबाइलने फोटो काढून झूम करा.

औषधांच्या कॅप्सूलचं कवचही बऱ्याचदा जिलेटिनचं असतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. निदानासाठी रक्ताची तपासणी असते. आणि श्वास अडकला, चक्कर आली तर वाट न बघता १०८.