सिरॅमिकचे छर्रे आणि पावसाळ्यातला रस्ता

पाऊस उघडला की कोल्हापुरातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: गाडीचं चाक घरघरतं. मिस्त्री गाडी मधल्या स्टँडवर चढवतो, चाक वरून-खालून धरून आडवं हलवून पाहतो. डगडग लागली की एक्सल निघतो, ऑइल सील उचकटलं जातं आणि हबमध्ये सुंभा घालून पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगवर फिरवत फिरवत ठोके पडतात. बाहेर आलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी तांबूस रबडी असते. छर्र्यांवर काळे डाग आणि ते ज्या खाचेत फिरतात तिथेही गंजाचे व्रण.

सिरॅमिक बेअरिंगची पारख या मोडक्या बेअरिंगवरूनच करावी. कारण मोटारसायकलसाठी ‘सिरॅमिक’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा संकरित असतं. छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे, रिंगा मात्र पोलादाच्याच. छर्रे गंजत नाहीत हे खरं. रिंगा गंजायच्या त्या गंजतातच.

वजनाचा मुद्दा आधी निकाली काढू. सिलिकॉन नायट्राइडची घनता पोलादाच्या सुमारे ४० टक्के. मोटारसायकलच्या चाकांत सर्रास दिसणारं ६२०२ बेअरिंग १५ मिमी भोकाचं, बाहेरून ३५ मिमीचं. त्यातले छर्रे जेमतेम ६ मिमीचे. सगळे मिळून वाचतात चारेक ग्रॅम, तेही चाकाच्या अगदी मध्याशी. टायरला चिकटणारा चिखल याहून जड असतो.

वेगाचंही तसंच. ताशी ८० किलोमीटरला १७ इंची चाक मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेतं. रबरी सीलचं ६२०२ दहा हजारांपलीकडे फिरू शकतं. सिरॅमिक छर्र्यांची खरी गरज पडते ती मशीन टूलच्या वेगवान स्पिंडलमध्ये, जिथे छर्रे वेगाने बाहेर फेकले जाऊन रिंगेवर दाब वाढतो. स्पेस शटलच्या इंजिनातल्या टर्बोपंपातही ते वापरले गेले होते. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या विजेच्या मोटारीतही ते हवेत, कारण ते वीज वाहून नेत नाहीत आणि ठिणग्यांनी खाच जळत नाही.

मग घर्षण? स्वारासह अडीचशे किलोची गाडी धरली तर ८० च्या वेगाला छर्र्यांच्या घरंगळण्यात दोन-तीन वॅट जातात. सीलचं घासणं त्यावर थोडी भर घालतं. त्याच वेळी टायर काही शे वॅट खातात आणि हवा त्याच्याही कित्येक पट.

तरीही विक्रेता चाक बोटाने फिरवून दाखवतो आणि ते थांबता थांबत नाही. पाहणारा भारावतो. पण त्या चाकावर ना गाडीचं वजन असतं, ना स्वार. बेअरिंगमध्ये बहुधा पातळ तेल असतं आणि सील रिंगेला टेकतही नसतं. पोलादी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन सील काढलं तर तेही असंच गरगरेल. नव्या, ग्रीस भरलेल्या, सीलबंद बेअरिंगचा बोटाला लागणारा किंचित जडपणा म्हणजे पाणी अडवायची तयारी आहे.

खड्ड्यांचा हिशोब तर उलटाच पडतो. सिरॅमिकचा छर्रा पोलादापेक्षा जास्त ताठ. दणका बसला तर तो कमी दबतो, म्हणून रिंगेवरचा स्पर्श लहान जागेत एकवटतो आणि खाचेला खळगा लवकर पडू शकतो. रिंगाही सिरॅमिकच्या घेतल्या तर त्या ठिसूळ. आपल्या रस्त्यांवरच्या चाकात त्या घालूच नयेत.

रेसट्रॅकवर, जिथे बेअरिंग वरचेवर उघडून तपासलं जातं आणि प्रत्येक वॅटचा पाठलाग चालतो, तिथे हा खर्च समजू शकतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत कित्येक पट पैसे मोजून हाती फार काही लागत नाही.

त्यापेक्षा गॅरेजात शेजारी उभं राहून पाहावं. नवं बेअरिंग बसवताना गोटी (सॉकेट) बाहेरच्या रिंगेवर टेकली आहे ना? आतल्या रिंगेवर ठोकलं तर मार छर्र्यांतून जातो आणि गाडी रस्त्यावर येण्याआधीच खाचेला व्रण पडतात. दोन बेअरिंगांमधला स्पेसर परत आत गेला का? तो राहिला तर एक्सल आवळताच दोन्ही बेअरिंग आडवी दाबली जातात. जुनं ऑइल सील चिरलेलं असेल तर तेही बदलून घ्यावं. बेअरिंग पत्र्याच्या झाकणाचं न घेता रबरी सीलचं मागावं. आणि वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा थेट हबवर धरू देऊ नये, कारण पोलादी काय आणि सिरॅमिक काय, पाणी आत शिरतं ते तिथूनच.