वऱ्हाड पडद्यावर नीट का दिसत नाही?

(हे व्याख्यान आधी अमरावतीला आणि नंतर अकोल्याला झालं. दोन्हीकडचं मिळून हे एक शब्दांकन केलं आहे.)

मित्रहो, आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी फोन केला. तत्त्वज्ञान सोडून हे संगणकाचं दुकान कधी मांडलं, असं त्यांचं विचारणं होतं. दुकान मांडलेलं नाही. याच मालिकेतल्या आमच्या काही व्याख्यानांचं जे झालं ते सांगायचं आहे, आणि ते सांगताना थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागणार आहे.

आमची व्याख्यानं ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेण्याचं काम अकोल्याची एक विद्यार्थिनी करते. तिच्याकडे जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स, आणि लिहायला ईमॅक्स नावाचा मजकूर-संपादक. हा संपादक जुना आणि फुकट आहे, आणि माणसानं शिकून घेतला तर फार कामाचा. एके दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, ‘सर, अमरावती बरोबर दिसते, अकोलाही बरोबर दिसतं. पण वऱ्हाड तुटून रायलं. असं काहून होत असन?’

आम्ही हसलो. पण तिचं निरीक्षण अगदी नेमकं होतं. अमरावती हा शब्द सोडवून पाहा: अ, म, र, काना, व, त, दुसरी वेलांटी. प्रत्येक खूण ज्या क्रमानं लिहिली त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे बसते. अकोल्याचंही तसंच. यंत्राला फक्त चित्रं ओळीनं मांडता आली तरी ही दोन्ही गावं धड दिसतात. वऱ्हाडाचं तसं नाही. साठवताना त्यात सहा खुणा असतात: व, खाली टिंब असलेला ऱ, पाय मोडण्याची खूण, ह, काना, ड. यातल्या ऱ आणि पाय मोडण्याची खूण मिळून ‘ह’च्या आधी ती छोटी आडवी पापणी काढायची असते. हे कोणी काढलं नाही, तर सहा खुणा सुट्या सुट्या पडून राहतात. विदर्भाचीही तीच गत. पहिली वेलांटी साठवलेली असते ‘व’च्या नंतर आणि दिसायला हवी ‘व’च्या आधी. रफार साठवलेला असतो ‘भ’च्या आधी आणि दिसायला हवा ‘भ’च्या डोक्यावर.

म्हणजे युनिकोडमध्ये जे साठवलं जातं तो उच्चाराचा क्रम. जे दिसतं तो लेखणीचा क्रम. या दोहोंच्या मध्ये कोणीतरी दुभाषा लागतो. भर्तृहरीनं वाक्यपदीयात शब्दाचं मूळ रूप आणि कानावर पडणारा ध्वनी यांत भेद केला आहे. ध्वनी बोलणाऱ्यागणिक बदलतो, स्फोट बदलत नाही. आम्ही वर्गात हे वर्षानुवर्षं शिकवलं आणि मुलांनी वर्षानुवर्षं परीक्षेपुरतं पाठ केलं. संगणकात मात्र हा भेद हाताला लागतो. फाइलमध्ये चित्र नसतंच, असतात फक्त खुणांचे क्रमांक. चित्र दर वेळी नव्यानं काढलं जातं. (ही तुलना फार ताणू नये. भर्तृहरी संगणकासाठी लिहीत नव्हता.)

अशा लिप्यांना इंग्रजीत कॉम्प्लेक्स म्हणतात. तो शब्द आम्हांला पहिल्यांदा भेटला विंडोज एक्सपीमध्ये. तिथे भाषांच्या खिडकीत एक चौकट असायची, ‘कॉम्प्लेक्स लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषा यांच्या फाइल्स बसवा’ अशा अर्थाची. त्या चौकटीत खूण करायची, मग यंत्र मूळ सीडी मागायचं, आणि सीडी नेमकी कपाटात कुलूपबंद असायची. आम्हांला तेव्हा राग यायचा की आमची लिपी गुंतागुंतीची आणि इंग्रजी सरळ, हे कोणी ठरवलं? नंतर अर्थ कळला. कॉम्प्लेक्स म्हणजे अवघड नव्हे. अक्षराचा आकार शेजाऱ्यावर अवलंबून असतो, एवढंच. अरबी, ख्मेर, बंगाली, तमिळ सगळ्या त्यात येतात. राग मात्र पूर्ण गेला नाही. जगातल्या एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या लिप्या ‘ऐच्छिक’ खात्यात का, हा प्रश्न उरतोच.

ईमॅक्समध्येही हे खातं ऐच्छिकच आहे. तो स्वतः अक्षरं जुळवत नाही. ते काम बाहेरच्या लायब्ररीवर सोपवतो. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचं घर नव्हे, दुसऱ्या प्रोग्रॅमना उसनं देता येईल असं तयार कसब. आधी हे काम जपानच्या केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लायब्रऱ्या करीत. एकीचं नाव लिबओटीएफ, दुसरीचं एम-सतरा-एन. हे दुसरं नाव चमत्कारिक वाटतं, पण ते ‘बहुभाषीकरण’ या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दाचं लघुरूप आहे: पहिलं अक्षर एम, शेवटचं एन, मधली सतरा गिळलेली. त्या काळी देवनागरीला आकार देण्याचे नियम एका वेगळ्या संग्रहात असत आणि तोही निराळा बसवावा लागे. 2020 साली ईमॅक्सची 27वी आवृत्ती आली, तेव्हापासून हे काम मुख्यतः हार्फबझकडे गेलं. अकोल्यात हे नाव उच्चारताच पुढच्या रांगेतले एक उर्दूचे शिक्षक म्हणाले, ‘हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं.’ अगदी बरोबर. बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या संगणकतज्ज्ञानं दिलेलं हे नाव, ओपनटाइप या फॉन्ट-पद्धतीच्या नावाचं फारसी भाषांतर. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये, फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, लिब्रेऑफिसमध्ये हाच हार्फबझ मराठी जुळवत असतो. म्हणून तर फोनवर वऱ्हाड धड दिसतं.

मग तिच्या लॅपटॉपवर का दिसेना? तिनं ईमॅक्स तयार पॅकेजमधून न घेता मूळ संहितेपासून स्वतः घडवला होता. घडवण्याआधी एक तपासणी होते. त्यात यंत्र पाहतं की काय काय हाताशी आहे. हार्फबझ सापडला तर जोडून घेतं. सापडला नाही तर थांबत नाही, ओरडत नाही, त्याच्याविना पुढे जातं. ऐच्छिक या शब्दाचा हा तोटा. तपासणीच्या शेवटी एक लांब यादी छापली जाते. त्यात ‘ईमॅक्स हार्फबझ वापरतो का’ अशी ओळ असते आणि पुढे हो किंवा नाही. ती यादी कोणी वाचत नाही. बँकेच्या फॉर्ममागचा बारीक मजकूर आपण वाचतो का?

इथे एक खुबी आहे, आणि तिच्यापायी आमचे दोन दिवस गेले. लायब्ररी दोन भागांत येते. चालवण्यापुरती एक, आणि तिच्यावर दुसरं काही घडवायचं असेल तर नावापुढे ‘डेव्ह’ लागलेली दुसरी. हार्फबझ तर यंत्रावर होताच, कारण फायरफॉक्स नीट चालत होता. ‘डेव्ह’वाला नव्हता. तो बसवला, तरी ईमॅक्स तसाच, कारण तो आधीच घडून गेला होता. भिंत बांधून झाल्यावर विटा आणून उपयोग नाही. तपासणी पुन्हा करायची, यादीतली ओळ ‘हो’ म्हणते का पाहायचं, आणि पुन्हा घडवायचं. ज्यांनी अलीकडचं तयार पॅकेज घेतलं आहे त्यांना बहुधा यातलं काही करावं लागणार नाही. खात्री करायची असेल तर ईमॅक्सलाच विचारता येतं: ‘सिस्टिम-कॉन्फिगरेशन-फीचर्स’ या चलाची किंमत पाहा, तिच्यात हार्फबझचं नाव हवं. हे शब्द अर्थात रोमन लिपीत टाइप करायचे.

एवढं करून काम झालं असं समजू नका. फॉन्टमध्येही जोडाक्षरांची कोष्टकं हवीत. लोहित किंवा नोटो देवनागरीत ती आहेत. दुसरं, ईमॅक्स टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालवत असाल, तर तिथे अक्षर जुळवणं त्या टर्मिनलच्या हाती. हार्फबझ असून नसल्यासारखा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. फोन करण्याआधी तिनं तीन व्याख्यानं उतरवली होती, आणि जे चुकीचं दिसत होतं ते ती दुरुस्त करीत गेली होती. पोर मेहनती! वेलांटी उजवीकडे दिसतेय म्हणून ती काढून आधीच्या जागी घालायची. तिच्या पडद्यावर मग कविता हा शब्द बरोबर दिसू लागला. आमच्या पडद्यावर मात्र तो ‘किवता’ झाला. लीळाचरित्राचं ‘लीळाचिरत्र’ झालं. या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, मराठी भाषेचं विद्यापीठ तिथे उभं राहिलं आहे, आणि आमच्या फाइलीत लीळाचिरत्र!

दोर साप दिसतो हा वेदान्तातला दृष्टान्त आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. तिथे काठी कामाची नाही, दिवा लागतो. तिनं काठी घेतली होती. दिसणं बिघडलं होतं, लिहिलेलं शाबूत होतं; तिनं लिहिलेलं बिघडवलं. दोष तिचा नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही हे आम्ही तरी तिला कुठे सांगितलं होतं? तेव्हा तुमच्या पडद्यावर मराठी तुटकी दिसली तर आधी हात आवरा. तीच फाइल फोनवर उघडा. तिथे नीट दिसली तर फाइलला हात लावू नका, लायब्ररी बसवा. ईमॅक्समध्ये कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स आणि बरोबरीचं चिन्ह दाबलं की कर्सरखाली खरोखर कोणती खूण आहे ते कळतं. तो साक्षीदार पडद्यापेक्षा भरवशाचा.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले होते. किल्ली मिळाल्यावर ते वाचता आले, कारण आतला मजकूर जसाच्या तसा होता. कोणा नकलकारानं ती लिपी विचित्र दिसते म्हणून ‘सुधारली’ असती तर किल्ली मिळून काय उपयोग झाला असता?

वेलांट्या आम्ही बऱ्याच परत बसवल्या. किवता, चिरत्र असले शब्द मराठीत नाहीत, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीस ते पकडतो. शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी आली तर ती उघडच चूक असते. पापणीचं काम अवघड निघालं. ‘ऱ’खालचं टिंब तिला धूळ वाटलं आणि तिनं साधा ‘र’ केला. वऱ्हाडाचं ‘वर्हाड’ झालं ते ओळखता येतं. पण दऱ्या आणि दर्या दोन्ही शब्द आहेत. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. शिवाय काही लोक ही पापणी ‘ऱ’नं लिहितात, काही साधा ‘र’ घेऊन पुढे न दिसणारी जोडखूण घालतात. दिसायला एकच, शोधायला गेलं तर दोन. वऱ्हाड शोधाल तर अर्धीच ठिकाणं सापडतील. आम्ही आता सगळीकडे ‘ऱ’च ठेवला आहे.

अकोल्यात शेवटी एका बाईंनी विचारलं, ‘सगळं परत मिळालं का?’ दोन व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण होतं, ती पुन्हा ऐकून दुरुस्त केली. तिसऱ्याचं मुद्रण पुसलं गेलं आहे. ते व्याख्यान ज्ञान आणि कसब यांवर होतं, आणि त्यात एक वाक्य आहे: उमेदीच्या काळात आम्ही सर्वांत जास्त शिकलो ते आचार्यांकडून. आता हे आचार्य, की पंगतीचा स्वयंपाक करणारे आचारी? विषय असा की दोन्ही बसतात. आम्ही काय म्हणालो होतो ते आम्हांलाच आठवत नाही. तुमच्यापैकी त्या दिवशी कोणी सभागृहात असेल आणि आठवत असेल, तर कृपा करून कळवा; तोवर त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे.