मुलाची पहिली गळकाठी

ब्राह्मणाच्या घरांत मासे धरण्याची काठी कशाला, असा प्रश्न शीर्षक वाचतांच पुष्कळांच्या मनांत उभा राहील. प्रश्न रास्त आहे. परंतु आमच्या उंब्रज गांवीं तारळी नदी कृष्णेस मिळते, आणि अशा ठिकाणीं वाढणाऱ्या मुलास पाण्याचें वेड लागावें यांत नवल नाहीं. अलीकडे तर मुलें पिसांच्या कृत्रिम माशीनें मासा धरण्याची परदेशी विद्या चित्रफितींत पाहून तसलीच काठी मागूं लागलीं आहेत. हट्ट झिडकारण्यापेक्षां त्यास वळण लावावें, असें मुलांत आयुष्य घालविलेल्या आमचें मत आहे. धरलेला मासा हात ओले करून तत्काळ पाण्यांत सोडावा, ही अट मात्र पहिल्याच दिवशीं घालावी. तरीही माशास पीडा होतेच, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्या घरीं तेवढीही रुचणार नाहीं तेथें गळाशिवाय गवतावर दोरी फेंकण्याचा खेळही मुलास पुष्कळ पुरतो.

हा छंद सर्वस्वी साहेबी आहे असेंही नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोदाचें प्रकरण असून त्यांत माशांच्या जाती व त्यांचीं आमिषें यांचें विवेचन आहे. याच राजाच्या पित्यानें आमच्या शेजारच्या कऱ्हाडची शिलाहार राजकन्या वरल्याची कथा बिल्हणानें गाइली आहे. तेव्हां हा विषय अगदींच परका मानण्याचें कारण नाहीं.

आतां काठीविषयीं. साध्या गळास शिशाचा तुकडा दूर नेतो. येथें माशीला वजनच नसतें. जाड दोरीचेंच वजन काठीस वांकविते व काठी सरळ होतांना दोरीस फेंकते. म्हणून काठी व दोरी एकमेकींस जुळल्या पाहिजेत. त्यासाठीं अमेरिकेंतील कारखानदारांनीं १९६१ सालीं दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून क्रमांक ठरविले. ५ क्रमांकाच्या दोरीचें हें वजन सुमारें ९ ग्रॅम असतें. क्रमांक काठीवर मुठीजवळ लिहिलेला असतो.

दुकानदार बहुधा कार्बनची काठी पुढें करील. ती हलकी व चपळ खरी, पण दगडावर आपटली कीं तिचा भरंवसा नाहीं. शिवाय कार्बन हा वीजवाहक आहे, आणि कृष्णाकांठीं शेतीपंपांच्या तारा जागोजाग लोंबतात. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारांत आलेली काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची काठी थोडी जड, परंतु चिवट व स्वस्त असते. (तारांखालीं मात्र हीही उभारूं नये, ओली दोरी घात करते.) तिचा खरा गुण निराळाच आहे. ती सावकाश व खोलवर वांकते, त्यामुळें दोरी मागें केव्हां सरळ झाली हें मुलाच्या मनगटास कळतें. अक्षर वळविण्यास आम्ही बोरू देत असूं, टांक मागाहून, तसेंच हें.

दहा-बारा वर्षांच्या मुलास ७ ते ७॥ फूट लांबीची, ४ किंवा ५ क्रमांकाची काठी पुरे. घेतांना मूठ मुलाच्याच हातांत द्यावी व टोंक हलकेंच ओढून पाहावें. बांक मध्यापर्यंत यावा आणि सोडतांच काठी सरळ व्हावी. सांधे खुळखुळूं नयेत, कड्या एका रेषेंत असाव्यात. रीळ साधें चालेल, तें मुख्यतः दोरी गुंडाळण्यापुरतें असतें. वांचलेला पैसा चांगल्या दोरींत घालावा. निकृष्ट दोरीनें उत्तम काठीही आंधळी होते.

पहिले पंधरा दिवस नदी नको. मैदानांत, गळाऐवजीं लाल लोकरीचा गोंडा बांधून सराव करावा. पुढें गळ बांधतांना त्याचा उलटा कांटा चिमट्यानें दाबून टाकावा. डोळ्यांस चष्मा व डोक्यास टोपी हवीच. पावसाळ्यांत पूर असतां कांठावर पाऊल टाकूं देऊं नये. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, तेथें आधीं परवानगी विचारावी.

घरीं आल्यावर काठी पुसून, सांधे सोडवून सावलींत ठेवावी. मोटारीचें दार लावतांना तिचें टोंक आंत आहे ना, हें पाहावें. काठ्या माशांपेक्षां दारांतच अधिक मोडतात.