सूनबाईचे वजन

चाकणच्या बाजारात कांद्याची गोणी काट्यावर चढते. शेतकरी डोळ्यांत तेल घालून काट्याकडे पाहतो. किलोभर इकडेतिकडे झाले तर अडत्याशी भांडतो. बरोबरच आहे. घामाचा माल आहे. पण त्याच शेतकऱ्याला विचारा, "दादा, सूनबाईला दिवस गेलेत ना? तिचं वजन किती?" तो हसेल. म्हणेल, "सुनेचं वजन कोण करतंय?"

आम्ही म्हणतो, करा. दर महिन्याला करा. का, ते सांगतो.

पुण्याजवळच्या ६ खेड्यांत १९९३ साली एक मोठे काम सुरू झाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी या खेड्यांत गेले. खेडी आपल्या राजगुरुनगरसारख्याच मुलखातली. शेतीवर जगणारी, भाकरी खाणारी. तिथल्या लग्न झालेल्या बायांची वजने त्यांनी दिवस जाण्याआधीच करून ठेवली. मग ज्यांना दिवस गेले, त्या काय खातात, किती राबतात, हे लिहून घेतले. बाळ जन्मले की त्याचेही वजन केले.

काय दिसले? बायांची उंची सरासरी ५ फूट. वजन सरासरी ४२ किलो. म्हणजे बाया फारच वाळलेल्या. आणि बाळे? सरासरी २ किलो ७०० ग्रॅमची. विलायतेत साउथॅम्प्टन नावाचे गाव आहे, तिथली बाळे साडेतीन किलोंची भरत. आपले बाळ आणि त्यांचे बाळ यांत पाऊण किलोहून जास्त फरक.

तुम्ही म्हणाल, "आपली माणसंच बारीक. त्यात काय?" असे म्हणू नका. अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ जगाशी झुंज घेतच जन्माला येते. त्याचे अंग लवकर गार पडते. त्याला ओढून दूध पिण्याची ताकद नसते. साधा खोकला त्याला भारी पडतो. जन्मून महिना व्हायच्या आत जी बाळे दगावतात, त्यांत अशी हलकी बाळे फार असतात.

आणि जी जगली, त्यांचीही गोष्ट तिथे संपत नाही. याज्ञिकांच्या माणसांना एक नवल दिसले. ही बाळे दिसायला किरकोळ, पण त्यांच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. त्यांनी या मुलांची पाठ सोडली नाही. सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासले. अंगाने काटकुळ्या अशा कित्येक पोरांच्या रक्तात अठराव्या वर्षीच साखर वाढलेली निघाली. मधुमेह हा शेठ-सावकारांचा रोग, असे आपण समजत होतो. त्याचे मूळ आईच्या पोटात असताना झालेल्या आबाळीतही असते.

आता आमच्या आयाबायांचे एक म्हणणे ऐका. "फार खाऊ नको गं पोरी. बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल." सासूबाई हे मायेने सांगते. तिच्या सासूने तिला सांगितलेले असते. पण ते खरे नाही. दिवसांत बाईचे वजन १० ते १२ किलो वाढावे लागते. ते सगळे काही बाळाचे नसते. बाळ ३ किलोंचे. वार अर्ध्या किलोच्या वर. बाळाभोवतीचे पाणी किलोच्या आसपास. पिशवी वाढते, तिचे किलोभर. आईच्या अंगातले रक्त आणि पाणी वाढते, ते दोन-तीन किलो. उरलेली अंगावरची शिदोरी. पुढे बाळाला पाजायचे आहे, त्यासाठी देह ती बांधून ठेवतो. आई उपाशी राहिली तर बाळंतपण सोपे होत नाही. शिदोरी बांधली जात नाही, आणि बाळ हलके निपजते.

मग किती खायचे, आणि काय? त्या ६ खेड्यांतले उत्तर ऐकण्यासारखे आहे. नुसत्या भाकऱ्या जास्त खाल्ल्याने बाळाच्या वजनात फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो हिरवा पाला, फळे आणि दूध खाण्यापिण्यात असलेल्या बायांच्या बाळांत. आणि महत्त्वाचे म्हणजे, ज्या बाया ४० किलोंहूनही हलक्या होत्या, त्यांच्यातही पालेभाजी खाणाऱ्यांची बाळे जास्त भरली.

पालेभाजी म्हणजे काय महागाची वस्तू? मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी. बांधावरचा तांदुळजा. परड्यातल्या शेवग्याचा पाला. हरभऱ्याची भाजी. ह्या आपल्या दारातल्याच वस्तू. दूध मात्र दारात असून घरात राहत नाही. पहाटे किटली डेअरीला जाते. किटलीत ओतण्याआधी एक पेला बाजूला काढा, एवढेच आमचे मागणे आहे. त्या खेड्यांत दर तीन बायांतल्या दोघींच्या रक्तात एक जीवनसत्त्व कमी निघाले. त्याला ब-१२ म्हणतात. ते पाल्यात नाही, डाळीत नाही. ते दूध-दह्यात, अंड्यात, मासळी-मटणात असते. ज्यांच्याकडे अंडे चालते त्यांनी ते सुनेच्या ताटात आधी वाढावे.

आणि वाढणार कधी? सून जेवते सगळ्यांच्या शेवटी. तेव्हा पातेल्यात भाजी नसते, नुसता रस्सा असतो. हे आम्ही घरोघर पाहिले आहे. आमच्याही घरी पाहिले आहे. पुरुषांनी हा धडा बायकोला नुसता वाचून दाखवून भागायचे नाही. ताटे एकदम मांडा.

दुसरी गोष्ट कष्टांची. त्याच पाहणीत दिसले, की पाणी वाहणे, धुणी बडवणे, शेतात राबणे हे ज्यांना फार, त्यांची बाळे लहान. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरवाड्यांतली बाई डोक्यावर हंडे घेऊन चढण चढते. तिने कितीही खाल्ले तरी ते चढणीलाच खर्ची पडते. सहाव्या-सातव्या महिन्यापासून तिचा हंडा दुसऱ्याने उचलावा. नवऱ्याने उचलला तर लोक चार दिवस हसतील. हसू द्या.

आता उलटी बाजूही सांगितली पाहिजे. चाकणला कारखाने आले. खोल्या भाड्याने घेऊन जोडपी राहू लागली. तिथे हंडा नाही, शेत नाही. चहा-खारी, वडापाव, फरसाण मात्र हाताशी. काही बायांचे वजन दिवस जाण्याआधीच फार असते. जाड बाई म्हणजे तब्येतीची बाई, असे आपण म्हणतो. पण तिला दिवसांत साखर वाढण्याची आणि रक्तदाब चढण्याची भीती जास्त. साखर वाढली तर बाळ नको तितके मोठे होते. तेव्हा खरोखरच बाळंतपण अडते. जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरते, आणि त्याला जपावे लागते. अशा बाईने दिवसांत उपास करून वजन उतरवू नये. तळलेले आणि गोड कमी करावे, रोज चालावे, आणि साखर तपासून घ्यावी. तिचे वजन १० किलो वाढायला नको; ७-८ किलो पुरे. वाळलेल्या बाईचे मात्र १२ किलोंहून जास्त वाढले तरी चांगलेच.

काटा कुठे आहे? अंगणवाडीत आहे, उपकेंद्रात आहे. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते. २०१६ सालापासून ही सोय आहे. दिवस गेल्याचे कळताच, तीन महिन्यांच्या आत नाव नोंदवा. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला साधारण २ किलो वाढले पाहिजे. दोन महिने काटा हलला नाही, तर डॉक्टरांना विचारा. एका महिन्यात ३ किलोंहून जास्त वाढले, तर खूश होऊ नका. ते अंगात साठलेले पाणीही असेल. तोंडावर, हातांवर सूज आली, डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबर फिरवा, गाडी येईल.

एवढे करूनही बाळ हलके झाले तर? घाबरू नका. त्याला दवाखान्यात दाखवा. आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरा आणि वरून पांघरूण घाला. सारखी अंघोळ घालू नका. पहिला चीक टाकू नका, तोच पाजा. मध, घुटी, साखरपाणी काही नको. आशाताई घरी येते, तिला बाळाचे वजन करू द्या. नजर लागेल म्हणून बाळ लपवू नका.

आणि काट्यावर जाताना मागचे कार्ड बरोबर न्या. मागचा आकडा समोर नसला, तर आजच्या आकड्यावरून नर्सबाईंना वजन वाढले की घटले ते कळणार नाही.