गेटबाहेरची रांग आणि आडनावाची चाळणी

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. महामार्गाच्या दोन्ही अंगाला कारखाने उभे आहेत. सावित्रीमाईंचे नायगाव याच खंडाळा तालुक्यातले. ज्या मातीतून स्त्री-शूद्रांच्या शिक्षणाची ज्योत निघाली, त्याच मातीत आयटीआय, डिप्लोमा, बी.ए. झालेली आमची पोरे आज फाइल काखेत मारून कारखान्यांच्या गेटबाहेर उभी आहेत.

त्यांची कहाणी ठरलेली. वॉचमन म्हणतो, "ठेकेदाराला भेटा." ठेकेदार म्हणतो, "अनुभव किती?" अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही! काम मिळालेच तर नेमणूकपत्र नाही, काही महिन्यांनी 'ब्रेक', मग पुन्हा तीच रांग. सर्वांत बोचरा प्रश्न मात्र साधा वाटतो: "आडनाव काय? गावात कुठे राहता?" कोणी जात विचारत नाही, पत्ता विचारतात.

हा आमचा न्यूनगंड आहे, असे म्हणणाऱ्यांनी २००७ चा एक अभ्यास वाचावा. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांच्या पाहणीत खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखतीआधीच, नुसत्या कागदावर! मग कुठे गेली ती 'गुणवत्ता'?

'भूमिपुत्रांना प्राधान्य' ही घोषणाही तपासून पाहा. औद्योगिक वसाहतीसाठी ज्याची जमीन गेली तो प्रकल्पग्रस्त. त्याच्या हाती निदान दाखला तरी असतो. पण त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या भूमिहीन मजुराचे काय? सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून दाखला नाही. जमिनीबरोबर त्याची मजुरीही गेली, पण ती कोणी मोजली नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याखाली सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली. वशिल्याशिवाय, नोंदणीच्या क्रमाने कामाची माहिती मिळावी, हा तिचा अर्थ. १९५९ च्या कायद्याने मालकाला रिक्त जागा कळवणे बंधनकारक केले, पण तिथूनच माणूस घ्या असे बंधन घातले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते नाही. दार दाखवले, कडी आतूनच राहिली.

कंत्राटी पद्धतीने ही कडी आणखी घट्ट केली. १९७० च्या कायद्यात २० कामगारांची मर्यादा होती. नव्या संहितेत ती ५० झाली. म्हणजे छोट्या ठेकेदाराला मोकळे रान. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि सरकारी भरतीही ठेकेदाराच्या हाती चालली आहे. अशा वेळी राखीव जागा कागदावरच उरणार.

तरीही कायद्याच्या काही चाव्या आपल्या हातात आहेत. त्या वापरल्या जात नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ते मागा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या कलम ३-अ नुसार निर्देशित व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत, अगदी खासगी कारखान्यांतही. जिल्ह्यात अशा किती जागा भरल्या, हे माहितीच्या अधिकारात सरकारी कार्यालयाला विचारता येते. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने जातीमुळे नोकरी-व्यवसायात अडथळा आणणे हाही गुन्हा ठरवला आहे. मात्र कोर्टाला पुरावा लागतो आणि गेटवरच्या तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख टिपून ठेवा. मूळ प्रमाणपत्रे ठेकेदाराच्या ताब्यात देऊ नका.

हे एकट्या पोराने करायचे काम नव्हे. एकटा बोलला की दुसऱ्या दिवशी त्याचे नाव कटते. आपल्या विहारांत रविवारी वंदना झाल्यावर तासभर एक वही उघडा: कोणी कुठे अर्ज केला, काय उत्तर मिळाले, कोणाचा पगार थकला. गावोगावच्या वह्या एकत्र आल्या तर तो पुरावा होईल. जयंतीला डीजेवर जितका खर्च होतो, त्याचा थोडा हिस्सा या कामाला लागला तरी पुष्कळ.

गेटबाहेरची रांग एकेकट्याने मोडणार नाही. ती संघटित झाली, तरच तिचा मोर्चा होईल.